तमाधिपाच्या हातातली पणती

कोथरूड, पुणे
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय पूर्णे,

तुझा मेसेज येऊन बारा दिवस झाले. त्याआधीचे तुझे दोन फोन मी उचलले नाहीत. त्याच्याही आधी वर्षभर नुसत्या शुभेच्छांवर भागवलं. एवढ्या सगळ्याबद्दल एकदम माफी मागते आहे. सहामाही परीक्षा चालू होती हे खरं, पण चित्रकलेच्या बाईंना परीक्षेत किती काम असतं ते तुला माहीत आहे, त्यामुळे ते कारण राहू दे.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीची चाहूल लागल्यापासून कुरकुरतो आहे. सलिलला सोसायटीचा सेक्रेटरी केलंय, त्यामुळे घरात नवरा कमी आणि नोटिसा जास्त. आपण किल्ला करायचो त्या कोपऱ्यात आता गाड्या चार्ज करायचं यंत्र बसवलंय. किल्ल्याला जागा हवी म्हणून पोरांनी अर्ज दिला, आणि सेक्रेटरीसाहेबांनी तो 'विचाराधीन' ठेवलाय. मी दोन दिवस त्यांना फोडणीशिवायची आमटी वाढली. आता जिन्याखालची जागा मंजूर झाली आहे.

आज सकाळी दिवाळीची साफसफाई काढली. सलिल स्टुलावर चढून माळ्यावरचं सामान खाली देत होता. त्यात तू गेल्या वर्षी पाठवलेला तुझ्या तमाधिपाचा खोका आला.

"हे काय, अजून पॅक?"

"संग्राहक खोके उघडत नाहीत. किंमत उतरते."

"आपण संग्राहक कधी झालो? आपल्याकडे नुसतं साठतं."

मी खोका भिंतीकडे सरकवला. तो म्हणाला, "पूर्णिमाने पाठवलंय ना? वर लिहिलंय बघ, 'अपूर्वा, उघड आणि सांग.' एवढं स्पष्ट तर आपल्या नोटिशीतही नसतं."

आता तुला कळलं असेल. गेल्या दिवाळीत तू विचारलंस, "पाहिलीस का?" आणि मी लिहिलं, "पाहिली. छान आहे." पूर्णे, मी ती पाहिली नव्हती. खोका उघडलाच नव्हता. त्या दिवसाची डायरी आता काढून बघितली. तिथे लिहिलंय: "पूर्णिमाला उत्तर दिले. मेथी निवडली." मी डायरीत खोटं लिहीत नाही असा माझा समज होता. खोटं लिहिलेलं नाहीच. फक्त किती गाळलंय ते आज दिसलं.

तू आता विचारते आहेस, "माझा हात चुकला का?" कंपनीने यंदाची दिवाळी आवृत्ती दुसऱ्याला दिली, संग्राहकांच्या ग्रुपवर लोक अजून त्या पणतीवर हसतात, दिवाळीनंतर मातीकाम सोडून ऑफिसातलं देखरेखीचं काम घेईन म्हणतेस. वर लिहिलंस, "तू फिगर जवळून पाहिली आहेस, तुझ्यावर माझा विश्वास आहे." हे वाक्य मी बारा दिवस वाचते आहे.

मला सगळं क्रमाने लिहू दे, नाहीतर मी पुन्हा आईच्या गुडघ्याकडे वळेन.

तमाधिप म्हणजे तुमच्या अंतराळ-मालिकेतला खलनायक, जाईल तिथला तारा विझवणारा, हे मला सातवी ब च्या मुलांनी शिकवलं. तू घडवलेल्या त्याच्या छोट्या मूर्तीची दिवाळी आवृत्ती निघाली तेव्हा वर्गात चित्राच्या तासाला दुसरा विषय नव्हता. काळं चिलखत, झग्याला नारळी काठ, डाव्या हातात पणती. पाचशेच नग, प्रत्येकावर क्रमांक. एका मुलाने मला जाहिरात दाखवली. "बाई, हे बनवणारी बाई पुण्याचीच आहे." मी म्हटलं, "हो, माझी मैत्रीण आहे." सगळा वर्ग माझ्याकडे इतक्या आदराने बघायला लागला की मला राग आला. बावीस वर्षं शिकवते आहे, तसं माझ्यासाठी कोणी बघितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी संग्राहकांच्या ग्रुपवर गेले. 'चिकणमाती' या नावाने.

हो. ती मी.

कोणीतरी खोक्यातून काढून नुसत्या टेबलावर उभ्या केलेल्या तमाधिपाचा बाजूने घेतलेला फोटो टाकला होता. तो पुढे झुकलेला, पणती पुढे कललेली. मी लिहिलं, "तारे विझवणाऱ्याला पणती धरता येत नाही. तेल सगळं बुटावर." लोक हसले. मग मी आणखी लिहिलं, मनगटाच्या कोनाबद्दल, कॉलेजात शिकलेली सगळी शब्दसंपत्ती काढून. पियुष नावाच्या एका मुलाने सभ्यपणे सुचवलं, "चौथऱ्यावर लावून बघा, खाली दुसऱ्या ट्रेमध्ये आहे." त्याला मी उत्तर दिलं: "ज्याला उभं राहायला सामान लागतं, तो कसला खलनायक?" त्यावर दोनशे माणसं हसली. मी प्रत्येक हसू मोजलं. पियुष पुन्हा काही बोलला नाही. तूही बोलू शकत नव्हतीस, करारात तसं आहे हे तूच मला सांगितलं होतंस. मला ते माहीत होतं.

आणि तेव्हा खोका माझ्या डोक्यावर, माळ्यावर होता. उघडला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. म्हणूनच मी तो उघडला नसेल का? हा प्रश्न मी दिवसभर उलटसुलट करून पाहिला. मला वाटतं, म्हणूनच.

आज उघडला. क्रमांक सात. वरचा ट्रे, त्याखाली पुठ्ठा, त्याखाली चौथरा. किल्ल्याची एक पायरी, ओल्या मातीची असावी तशी बाहेरच्या अंगाला ढासळलेली. आपल्या किल्ल्याच्या सगळ्या पायऱ्या तशाच ढासळायच्या आणि चढणारे मावळे मागे उलटायचे. मी दरवर्षी पायऱ्या नव्याने करायला घ्यायचे. तू पायऱ्यांना हात लावायची नाहीस, मावळ्यांनाच थोडं पुढे वाकवून चिकटवायचीस. तमाधिपाचे पाय त्या पायरीच्या खुंट्यांवर बसवले. तो सरळ झाला. किल्ला चढायला लागला. पणती पाण्याच्या रेषेइतकी सपाट.

तुझा हात चुकला नाही, पूर्णे. माझा चुकला, आणि तो बोटांचा दोष नव्हता.

इथे थांबता आलं असतं, पण एक उरलंय. वर्षभर मी डाव्या हाताबद्दल लिहिलं. उजव्या हाताबद्दल एक अक्षर नाही, आणि तो त्या फोटोत स्पष्ट दिसत होता. वाऱ्यापासून ज्योत झाकायला त्याने उजव्या पंजाचा आडोसा केलाय. लोखंडी पंजा, आणि बोटं अशी, जशी देव्हाऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत दिवा नेताना कोणाही बाईची होतात. तारे विझवणाऱ्याची. फोटो पाहिला तेव्हा मला आधी तोच दिसला होता. मनात आलं, हे मला सुचलं नसतं. मग मी पणतीचा कोन शोधून काढला.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सर म्हणाले होते, "हात अपूर्वाचा, चिकाटी पूर्णिमाची." तू ते विसरली असशील. मी तेवीस वर्षं त्याच्यावर जगले. मी शाळेत राहिले ते घरामुळे, आईमुळे, असं सांगत आले. आपण दोघींनी मातीकामाच्या एकाच नोकरीसाठी अर्ज केला होता आणि तुला बोलावलं, हे सलिललासुद्धा आज सांगितलं. त्याने तमाधिपाच्या पणतीला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "आता ग्रुपवर काय लिहिणार? की हेही विचाराधीन?"

त्याचं उत्तर या पत्राच्या तळाशी लिहिते आहे. मातीकाम सोडायचं की नाही हे तू ठरव, पण 'चिकणमाती'च्या शब्दावर ठरवू नकोस. त्या बाईने वस्तू पाहिलेली नव्हती. माझ्याशी बोलायचं की नाही तेही तूच ठरव. फोन आला तर पहिल्या रिंगला उचलेन. नाही आला तर का, हे विचारणार नाही. तमाधिप आता खिडकीत ठेवलाय, चौथऱ्यासकट. खोका फाडून रद्दीत दिला.

हे फोनवर सांगायला हवं होतं. धीर झाला नाही, म्हणून कुरियरने पाठवते आहे.

जिने तुला पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं, ती
अपूर्वा

उद्या: शाळेआधी, खिडकीच्या उजेडात, पणतीत थेंबभर तेल घालून बाजूने फोटो, आणि ग्रुपवर त्याखाली माझं पूर्ण नाव.