आधीच्या खांबापासून

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. नर्सिंगच्या कोर्सला हो की नाही ते पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय, आणि बाबांना हाताला धरून उठवायला घरात तुझ्याशिवाय कुणी नाही, एवढंच लिहिलंस. मला ये म्हणाली नाहीस. तेच जास्त लागलं.

इथे एका शाळेने कालव्याकाठच्या रस्त्यावर सूर्यमाला मांडायला घेतलीय. फाटकाशी कमरेएवढा सूर्य, पुढे एकेका ग्रहाचा खांब. खड्डे माझ्याकडे. विज्ञानाच्या बाईंनी कागद दिला: बुध एकोणचाळीस मीटर, शुक्र बहात्तर, पृथ्वी शंभर. मी टेप घेऊन सुटलो. शनीपर्यंत खणलं, आणि युरेनस मोजता मोजता रस्ताच संपला, समोर पंपघराची भिंत! बाई हसता हसता खालीच बसल्या. कागदावरचे सगळे आकडे सूर्यापासूनचे होते, आणि मी आपला प्रत्येक ग्रह आधीच्या खांबापासून मोजत गेलो होतो. मुकादम म्हणाला, "शहाण्या, शनीला घराबाहेरच काढलंस की!" एक बुध तेवढा जागेवर होता. बाकी सगळे खड्डे बुजवले, पुन्हा खणले.

बाई म्हणाल्या, ग्रह जितका लांब तितकी त्याची फेरी मोठी, आणि चालतोही हळू. पृथ्वीला एक वर्ष, शनीला साडेएकोणतीस, नेपच्यूनला एकशे पासष्ट. मी फावड्यावर रेलून ऐकत राहिलो. आधी मी दोन महिन्यांनी घरी यायचो, मग वर्षाने. आता तिसरं वर्ष चाललंय. प्रत्येक नवं काम धरताना तुला लिहायचो, जवळच आहे, चार तासांवर. ते चार तास आधीच्या कामापासूनचे असायचे गं. घरापासून मी कधी मोजलंच नाही. काल स्टेशनवर विचारलं. एकतीस तास.

मुकादमाने पुढचं काम आणलंय, इथून फक्त सहा तास म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याने तोंड वाकडं केलं. माझं तिकीट काढून झालंय, चौदा तारखेला पोचतो. बाबा चिडतील, चिडू देत. मी त्यांची दाढी करत असेपर्यंत तरी त्यांना गप्प बसावं लागेल. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून ठेव. मी चार दिवसांत पळेन अशी भीती तुला वाटेल. मलाही वाटते. तरी कोर्सच्या कागदावर सही कर. मी दारात दिसल्यावर नको, हे पत्र वाचून झालं की लगेच कर.

तुझाच,
धाकटा