शिडी, टाचणी आणि माझी टेप

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठपैकी सात अंगं पोचली असं समज. आठवं, म्हणजे उजवा गुडघा, सध्या रजेवर आहे. काळजीचं काही नाही.) डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतोस ना? वहिनींचा खोकला कसा आहे? लेकीकडे तू नुसता आराम करतोस असं तिने फोनवर सांगितलं, पण इथे कुणालाच ते पटलं नाही. ही तर म्हणाली, भावजी आराम करत असतील तर डॉक्टरला दाखवा. इकडे सगळे खुशाल. दुकान चालू आहे, दोन्ही मशिनी चालू आहेत, आणि चौकातल्या नव्या शिंप्याने गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्याची बातमी आहे, तेव्हा एकूण बरं चाललंय.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. तू लिहिलंस की इथल्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात दोन गार्ड तोडीस तोड आहेत असं तू पेपरात वाचलंस, आणि त्यांतली खरी अ‍ॅथलेटिक कोण ते कळव. इथवर ठीक होतं. पण खाली तू कंस करून "तुला काय कळणार म्हणा" असं लिहिलंस. दादा, शाळेत लांब उडीचा कप तुला मिळाला होता हे मी विसरलेलो नाही (तू विसरू देत नाहीस). पण आज या विषयावर आपल्या खानदानात माझ्याइतका अधिकारी माणूस नाही. मी त्या खेळाच्या निवड समितीवर आहे. पुन्हा वाचलंस तरी तेच लिहिलेलं दिसेल.

झालं असं. संघाचे नवे गणवेश शिवायचं काम आपल्याकडे आलं, म्हणून मी टेप गळ्यात अडकवून मापं घ्यायला कॉलेजच्या हॉलमध्ये गेलो. संघ शिकवणाऱ्या बाई तिथे हवालदिल होऊन फिरत होत्या. विद्यापीठाच्या संघात गार्डची एकच जागा उरलेली, तिच्यासाठी या दोघी, आणि नियम असा की निवडीच्या समितीत एक बाहेरचा माणूस हवा, ज्याचा कुठल्याही खेळाडूशी, कॉलेजशी, किंबहुना खेळाशीच संबंध नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन पायांत अंतर ठेवून, भिंतीला टेकून, फेकलेला चेंडू चुकवत उभा होतो. त्यांनी विचारलं, "गार्ड म्हणजे काय, माहितीये तुम्हाला?" मी म्हटलं, दारावर उभा असतो तो. बाई म्हणाल्या, "तुम्हीच हवेत." अशी माझी निवड एकमताने झाली.

(तुलाही माहीत नसेल म्हणून सांगतो, गार्ड दारावर नसतो. चेंडू आपटत आपटत पुढे न्यायचा, कुणाला द्यायचा ते ठरवायचं, आणि सगळ्यांनी धावताना घातलेला गोंधळ निस्तरायचा, हे त्याचं काम. म्हणजे आपल्याकडे हिचं जे आहे तेच.)

आता त्या दोघी. एकीला सगळे शिडी म्हणतात, दुसरीला टाचणी. नावं मी ठेवलेली नाहीत, पण ठेवली असती तर हीच ठेवली असती. शिडी पाच फूट अकरा इंच. दोन्ही हात पसरले तर बोटापासून बोटापर्यंत सहा फूट एक (मी दोनदा मोजलं, कारण टेप संपली). बोटाला खडू लावून तिला भिंतीपाशी उडी मारायला सांगितली तर तिने जिथे खूण केली ती पुसायला स्टूल आणावं लागलं. टाचणी पाच फूट दोन, त्यातही बुटांचा तळ जाड. तिने उडी मारली तेव्हा खडूची खूण आपल्या दुकानातल्या कपाटाच्या वरच्या फळीइतकीच गेली. हॉलच्या दहा फेऱ्यांत शिडी तिला दीड फेरीने मागे टाकून वर पाणी पिऊन आली. मी सगळं वहीत मांडलं, खाली रेघ ओढली आणि त्याच दिवशी निकाल जाहीर केला: शिडी. टेप खोटं बोलत नाही. अ‍ॅथलेटिक म्हणजे उंची, झेप आणि दम, बाकी सब झूट.

बाईंनी वही वाचली, परत दिली आणि म्हणाल्या, "छान आहे. आता एकदा खेळ पण बघा."

म्हणून मी पाच दिवस दुपारी दुकान हिच्यावर सोपवून हॉलमध्ये बसलो. आणि दादा, तिथे काहीतरी चमत्कारिक चाललेलं होतं. शिडी धावायची, झेपायची, हवेत थांबल्यासारखी वाटायची, पाहणाऱ्याचं तोंड उघडं राहायचं. टाचणी मात्र भाजी आणायला निघाल्यासारखी चालायची. पण चेंडू जिथे जाईल तिथे ही आधीच पोचलेली! समोरची मुलगी पास द्यायला हात उचलते, आणि वाटेत हिचा हात. मी मोजलं (मोजल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, तुला ठाऊकच आहे). एका दुपारी ती जीव खाऊन धावली सात वेळा, आणि दुसऱ्यांचा चेंडू तिच्या हातात आला अठरा वेळा. मी तिला बोलावून विचारलं, तुला आधी कळतं कसं? ती म्हणाली, "काका, पास द्यायच्या आधी सगळ्याजणी डावा खांदा खाली घेतात. शिडी उजवा घेते." मी म्हटलं, हे सगळं तू बघत बसतेस? तर म्हणते, "तुम्ही पण टेप काढायच्या आधी मान खाजवता." मी ताबडतोब मान खाजवायची थांबवली. आजतागायत थांबवली आहे, आणि फार अवघड जातंय.

त्या संध्याकाळी मी वहीतला निकाल खोडला आणि लिहिलं: टाचणी. अ‍ॅथलेटिक म्हणजे डोळा. अंग हे नुसतं अस्तर आहे. हे मी बाईंना, हॉल झाडणाऱ्या मावशींना आणि कॅन्टीनमधल्या तिघांना इतक्या ठामपणे सांगितलं की त्यांतला एकजण उठून दुसऱ्या टेबलावर गेला. तेवढ्यात शिडी पाणी प्यायला आली आणि तिने ऐकलं. मला वाटलं रागावेल. ती शांतपणे म्हणाली, "काका, उंची दिसते म्हणून सगळे म्हणतात, हिला काय, देवाने दिलंय. मी रोज पावणेसहाला येऊन डाव्या हाताने दोनशे वेळा चेंडू टाकते. ते तुमच्या टेपमध्ये येत नाही." आणि गेली. माझ्या हातातला चहा गार झाला. खरं सांगतो, मला स्वतःची थोडी लाज वाटली. (थोडीच. समितीच्या सदस्याला जास्त परवडत नाही.)

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहाला जाऊन पाहिलं. हॉल बंद, बाहेर ओट्यावर शिडी बूट बांधतेय. चावीवाला आला, ती आत गेली, आणि डाव्या हाताने सुरू झाली. पहिले कित्येक चेंडू जाळीच्या कड्यावर आपटून बाहेर. बाहेर गेलेला उचलायचा, पुन्हा टाकायचा. मी एकशे बारापर्यंत मोजलं आणि मग माझीच मान दुखायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाहेर बसून हा विषय सुटणार नाही, आतून बघितला पाहिजे. शेवटी आपणही एका कपवाल्याचे भाऊ आहोत.

त्या दुपारी मी दोघींना सांगितलं की मी चेंडू घेऊन येतो, तुम्ही एकेकीने मला अडवून दाखवा. वय अठ्ठावन्न, पायांत दुकानातल्या चपला, अंगावर स्वतः शिवलेली पँट. शिडी समोर उभी राहिली तेव्हा मला कडं दिसेना, बाई दिसेनात, समोरची भिंतही दिसेना. मी चेंडू वर फेकला, तो तिने वरच्या वर, कपाटावरचा डबा काढावा तसा काढून घेतला. मग टाचणी. मी चेंडू आपटत निघालो. तालात, अगदी डौलात, उजवीकडून निघून गेलो आणि कड्याखाली पोचलो. मागे मुली का हसतात ते कळेना. वळून पाहिलं तर चेंडू टाचणीच्या काखेत, आणि मी गेली दहा पावलं हवा आपटत होतो. चिडून मी तिच्या काखेतल्या चेंडूवर झेप घेतली. झेप चांगली होती, यावर अजून मी ठाम आहे. पण मध्येच टर्र असा आवाज झाला. सव्वीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही. पँट मागून कमरेपासून थेट खालपर्यंत उसवली, मी खाली बघावं की मागे या विचारात पडलो, आणि त्या नादात उतरायचं राहून गेलं. म्हणजे उतरलो, पण गुडघ्यावर. शिडीने मला एका हाताने उचलून उभं केलं, टाचणीने कुणी बघायच्या आत माझ्या कमरेला स्वतःचं जॅकेट बांधलं. दोघींपैकी एकही हसली नाही. बाई मात्र तोंडाला शिट्टी लावून भिंतीकडे वळल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

शनिवारी निवडीचा सामना. बाईंनी दोघींना समोरासमोरच्या संघात टाकलं. मी लंगडत जाऊन गुण लिहिणाऱ्याच्या शेजारी बसलो. चाळीस मिनिटांच्या त्या सामन्यात मी तीनदा मत बदललं आणि तिन्ही वेळा माझी पूर्ण खात्री होती. शेवटच्या नऊ सेकंदांत टाचणीचा संघ एका गुणाने पुढे, चेंडू शिडीकडे. शिडी निघाली. टाचणीने तिचा उजवा खांदा खाली जाताना पाहिला आणि बरोबर उजवीकडे जाऊन उभी राहिली, पाय रोवून, हात वर. संपलंच, मी पेन्सिल खाली ठेवली. आणि शिडीने हवेत असतानाच चेंडू उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. तोच डावा हात! चेंडू कड्यामागच्या फळीला लागला, कड्यावर एकदा फिरला (त्या एका फेरीत माझं आयुष्य किती कमी झालं ते डॉक्टरला विचार) आणि आत पडला.

शिडीचा संघ जिंकला. टाचणी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडते. ती म्हणाली, "खांदा उजवा आणि हात डावा? फसवलंस मला!" शिडी म्हणाली, "तुझ्यासाठीच केलं गं सगळं. दुसरीला फसवायची गरजच पडत नाही." आणि दोघी तिथेच फरशीवर बसून त्या नऊ सेकंदांबद्दल हातवारे करत इतक्या बोलल्या की बक्षीस द्यायला आलेले पाहुणे चहा पिऊन निघून गेले.

तेव्हा दादा, तुझ्या प्रश्नाचं माझं ठाम उत्तर असं. उंची आणि झेप दिसते ती पहिल्याच क्षणाला. पण अंगाला कुणीतरी रोज पहाटे शिकवलेलं असतं ते दिसत नाही, आणि नजर कमावलेली असते तीही दिसत नाही. अ‍ॅथलेटिक म्हणजे समोरच्या माणसाने तुमच्याविरुद्ध तयारी करावी आणि तुम्ही त्याच्या तयारीविरुद्ध. एकट्याला अ‍ॅथलेटिक होताच येत नाही. या दोघींनी एकमेकींना घडवलंय, त्यांना वेगळं मोजणं म्हणजे कात्रीचं एकच पातं विकत घेणं. असा अकरा पानी अहवाल, आकृत्यांसह, मी बुधवारी सकाळी स्वतः नेऊन समितीला दिला. त्यात मी लिहिलंय की जागा एक असो की अर्धी, दोघींना घ्या. माझ्या शब्दाला तिथे वजन आहे.

वहिनींना नमस्कार. लेकीला आशीर्वाद. थेंब विसरू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. समितीची बैठक मंगळवारीच झाली होती. दोघींना घेतलं, कारण संघातल्या एका मुलीची परीक्षा आडवी आली आणि आणखी एक जागा सुटली. माझा अहवाल मावशींनी हॉलच्या खिडकीची काच खडखडते तिथे घडी करून लावला आहे. काच आता अजिबात वाजत नाही.

ता. क. दुसरा. गुडघ्याला पट्टा आहे. पायमशीन तीन आठवडे बंद, असं डॉक्टर म्हणाले. ही एक मशीन चालवतेय, पण बारा गणवेश अजून बेतायचेच आहेत, आणि कॉलेजचा संघ येत्या शुक्रवारी निघतो. शिडीचं माप मी कागदावर तीनदा काढलं, तिन्ही वेळा कापड कमी पडलं. त्याच कापडात तू ते बसवशील हे मला माहीत आहे, आणि हिलाही माहीत आहे. ती दिवसातून चारदा बोलून दाखवते.

ता. क. तिसरा, आणि हा वहिनींना वाचून दाखवू नकोस. गेल्या वर्षी त्या लग्नाच्या गिऱ्हाइकांदेखत मी म्हणालो होतो, की दादाचा हात आता कापतो. तू कात्री खाली ठेवलीस आणि महिन्याभरात लेकीकडे गेलास. दादा, कटरचा हात कापतो, यात मी वाईट ते काय बोललो? कापड कापतो, असंच मला म्हणायचं होतं. मला कापडाबद्दल म्हणायचं नव्हतं, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. पण मला कापडाबद्दलच म्हणायचं होतं असं तू धर, आणि सोमवारच्या गाडीने ये.