पुण्यात उपडी केलेली पोपटी

पेण, मंगळवार

तीर्थरूप ठमावहिनींना धाकट्या नणंदेचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? पांडूदादाचा खोकला गेला का, की 'ही शेवटचीच विडी' अजून चालू आहे? तुमच्या खांब गावच्या शेतात वाल भरले असतील. इथे पेणच्या बाजारातल्या शेंगांत दाणा शोधायला भिंग लागतं. मी ठणठणीत. पोस्टात चौतीस वर्षं काढलेली बाई महत्त्वाची हकिगत फोनवर सांगत नाही, म्हणून हे पत्र. (शिवाय फोनवर तुमच्यापेक्षा तुमच्या कोंबड्याच जास्त बोलतात.)

तुमच्या दिशाने पुण्यातला तो विशाल स्वतःच पसंत केला, त्याच्या आईवडिलांनी मात्र 'बघू' म्हटलं, आणि तुम्हा दोघांना प्रवास झेपेना म्हणून मुलीकडची वडीलधारी म्हणून तुम्ही मला पाठवलंत. निवड उत्तम केलीत. कडक इस्त्रीची साडी, सिस्टरांच्या शाळेतलं इंग्रजी आणि पोह्याच्या पापडांचे दोन पुडे एवढा सरंजाम घेऊन मी खोपोलीमार्गे एस.टी.ने वेळेआधी अर्धा तास हजर होते.

भेट त्यांनी घरी न ठेवता एका हॉटेलात ठेवली. तिथे इतका अंधार की समोर विशालची आई बसली आहे की खांबावर शाल टाकली आहे, हे ती बोलेपर्यंत कळेना. (आणि ती बोलत नव्हती.) या हॉटेलात म्हणे गावोगावचं अस्सल जेवण मिळतं, पण बशी बशी, सगळ्यांनी वाटून खायचं. माणसं आम्ही पाच आणि प्रत्येक बशीत नग चार! पहिल्या बशीला मी सभ्यपणे 'मला नको' म्हटलं, दुसरीला विशालच्या आईने, आणि तिसरीपासून सगळेच एकमेकांना 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करू लागल्यामुळे घावनांचं चामडं झालं. त्यात दर बशीमागे वाढप्याचं प्रवचन. घावन कशाला म्हणतात हे त्याने मला सांगितलं. मला! मी सिस्टर लोकांत वाढले म्हणून गप्प बसले, तुम्ही असतात तर त्याला तव्याशी उभं केलं असतंत.

मग आली 'रोह्याची पोपटी'. तांब्याएवढं मडकं, वहिनी, आणि ते उभं! विशालचे वडील म्हणाले, "ही तुमच्याकडची ना?" इतक्या वेळात आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न. मी अभिमानाने सांगितलं, की आमच्याकडे वालाच्या शेंगा नि अंडी भरलेलं मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. "उपडं? मग आतलं सांडत नाही?" असं म्हणून ते हसले. त्या हसण्यात अख्ख्या रोहा तालुक्याविषयी शंका होती. दिशा टेबलाखालून माझा पाय दाबत होती, तरी मी दोन हातरुमालांत मडकं धरलं आणि सर्वांसमक्ष उपडं केलं. मडक्याच्या तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला गच्च कोंबलेला असणार, सांडेल कसं?

पाला नव्हता! शोभेला कोथिंबिरीची एक काडी होती. आणि आत रस्सा होता. पोपटीत रस्सा! तो सगळा टेबलावरून ओघळत विशालच्या वडिलांच्या पांढऱ्या पँटीवर गेला आणि एक अंडं त्यांच्या मांडीवर जाऊन विसावलं. दिशा "आत्या!" असं ओरडली, की शेजारच्या टेबलावरच्यांनी आपलं मडकं घट्ट धरलं.

हॉटेलचा दाढीवाला आचारी धावत आला. मी त्याला विचारलं, "पाणी कुणी घालायला सांगितलं रे?" तो म्हणाला, "मॅडम, पाण्याशिवाय शिजणार कसं?" मी म्हटलं, "पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावर. तू रोहा कधी बघितलंस?" म्हणाला, "व्हिडिओत."

तेवढ्यात ती न बोलणारी विहीणबाई डोळे पुसेपर्यंत हसायला लागली. म्हणाली, "यांना इतकं गप्प झालेलं मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आता खरी पोपटी खायला घाला, मग लग्नाचं बोलू." नवरा म्हणाला, "पँट जुनी घालून येईन." तेव्हा वहिनी, मुलीकडची मान खाली गेली नाही, पँट गेली. मी ताठ मानेने पेणला परतले.

दादाला नमस्कार, कोंबड्यांना (त्या ऐकत असतीलच) आशीर्वाद.

तुमची नणंद,
जानी

ता.क. रविवारी ते येत आहेत. तिघं नव्हेत, मावश्या-काका धरून अकरा, वर तो आचारी वही घेऊन. शेतातला वाल बाजारात धाडू नका. तुमच्या गड्याला, काळुरामला, बांधावरचा भांबुर्डा उपटू देऊ नका.

आणखी ता.क. रागाच्या भरात मी सांगून बसले आहे, की चाळीस वर्षं खांबची पोपटी माझ्या हातची असते. आचाऱ्याने तेच वहीत लिहून घेतलं आहे. मी शेंगा निवडायलासुद्धा कधी खुर्चीवरून उतरले नाही, हे तुम्हाला, दादाला आणि सगळ्या गावाला ठाऊक आहे. तेव्हा शनिवारी सकाळच्या गाडीने येते. मडकं कसं भरायचं ते शिकवा. गावाला काय हसायचं ते शनिवारी हसून घेऊ दे. रविवारी मुलीचं लग्न ठरवायचं आहे.