गोड लागलेली गोळी

छोटे,

रक्त तपासायला चाललेय. आजची गोळी घेण्याआधीच द्यायचंय, म्हणून तुला उठवलं नाही. दूध तापवलंय. चिठ्ठी मुद्दाम पातेल्यावर ठेवतेय, गोळ्यांच्या डबीपाशी नाही.

हल्ली माझं अंग गार पडतं, पाय सुजतात, भर दुपारी डोळे मिटतात. आणि तू? पंखा फुल्ल, ताटभर जेवूनही कपडे ढगळ, कप धरला की हात थरथरतो. एकाच घरात एक गारठलेली नि एक घामाघूम, हे काही माझ्या गळी उतरेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, थायरॉइडचं हार्मोन म्हणजे अंगातल्या शेगडीचं बटण. माझी शेगडी मंद झालीय, म्हणून मला गोळी. तुझी नीट पेटलीय. ती आणखी भडकवलीस तर नुसती चरबी जळत नाही बाई. झोप उडते, काळीज धावत सुटतं.

परवा माझी गोळी जिभेवर गोड लागली. ती कधीच गोड नसते. चहात साखरेऐवजी टाकायच्या गोळ्या मात्र दिसायला अगदी तशाच.

आईला बोलले नाहीये. उरलेल्या खऱ्या गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत. डबीत काल रात्री मीच सगळ्या चहातल्या भरल्या. आज तू डबीला हातही लावला नसशील, तर मी आल्यावर खुशाल भांड. पण उठल्या उठल्या तोंड गोड झालं असेल, तर जिना सावकाश उतर आणि दवाखान्यात ये. तुझाही नंबर लावलाय.

ताई