पत्र्याचा चतुर

प्रिय सूनबाई,

तुझ्या कपाटाच्या खणात राहिलेला तो हातात मावणारा व्हिडिओ गेम मी पुसायला काढला आणि बटण दाबलं गेलं. आत एक पत्र्याचा चतुर भिरभिरत होता. अंगठा दाबला की उडायचा, सोडला की धप्पकन खाली. फळीवरून फळीवर नेत, काटे चुकवत त्याला दिव्यापर्यंत पोचवायचं असतं म्हणे. पहिल्याच दरीत तो पडला तेव्हा मी "अगं बाई!" म्हणून ओरडले. तुझे सासरे धावत आले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर ते शेजारी बसून "डावीकडे घे, डावीकडे!" करायला लागले.

जन्मभर लोकांना गाडी शिकवलेला माणूस! चतुर वेगात निघाला की ह्यांचा पाय फरशीवर ब्रेक दाबतो. वळताना "इंडिकेटर?" विचारतात. मी म्हटलं, "अहो, किड्याला कुठला इंडिकेटर?" तर म्हणे, "सवय चांगली असावी." आमचं भांडण जुंपलंय असं समजून शेजारीण डोकावून गेली.

त्या दिवशी मी स्वयंपाक खरंच विसरले. तुझा नवरा ऑफिसातून आला, रिकामी पातेली उघडून बघितली आणि म्हणाला, "आई, जेवायला?" मी म्हटलं, "थांब रे, भुंगे मागे लागलेत." भुंगे काही हटेनात. शेवटी त्यानेच भात लावला. खाली करपलेला, वर कच्चा. आम्ही मुकाट्याने गिळला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र मी विसरले नाही, ठरवूनच गेम घेऊन बसले. तुला बढती मिळाली, दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात मुख्य नर्स म्हणून बोलावलं, तेव्हा हाच "मग घर कोण बघणार?" म्हणाला होता ना? तू बॅग भरून निघालीस ते बरंच केलंस. म्हटलं, आता बघ बाबा घर. कपडे, भांडी, ह्यांच्या गोळ्या, सगळं. त्याने लाल टॉवेलबरोबर पांढरे शर्ट धुतले आणि गुलाबी शर्ट घालून कामावर गेला. तिथे म्हणे साहेबांनी रंगाचं कौतुक केलं.

परवा ओटा पुसता पुसता तो थांबला. म्हणाला, "आई, ती ड्युटीवरून येऊन हे सगळं करायची?" मी चतुरावरची नजर काढली नाही. काढली असती तर मला रडू आलं असतं, आणि तो सुटला असता. "हो," एवढंच म्हटलं. मग बराच वेळ तो एकच जागा पुसत राहिला.

पत्र एवढ्यासाठी, की रविवारी मी तुझ्या खोलीवर येतेय. तोही येतोय. तुला परत आणायला नाही, हे मी त्याला बजावलंय. त्याला माफी मागायचीय आणि फोनवर जमत नाही. रोज नंबर लावतो आणि रिंग जायच्या आत कापतो. मी वर येईन, तो खाली फाटकापाशी उभा राहील. त्याला वर बोलवायचं की नाही, ते तू ठरव. मी एका शब्दानेही त्याची बाजू घेणार नाही. फक्त बाहेर ऊन असेल, तेव्हा काय ते जरा लवकर ठरव. कितीही झालं तरी माझं पोर आहे गं.

तुझीच,
सासूबाई