रेणूला सांगितलेलं खोटं

आष्टी, रविवार संध्याकाळ

आज रेणूचा व्हिडिओ कॉल आल्ता. माझी धाकटी चुलत बहीण जर्मनीत शिकून राह्यली. व्यापार, राजकारण आन् संस्कृती, तिन्ही एकाच डिग्रीत. तिच्या मागं लायब्ररीची मोठी खिडकी दिसत होती. मी बाजारात विकून उरलेल्या बांगड्या पेटीत भरत होते.

"ताई, आठवडी बाजारात कोण कुठं बसणार, हे कोण ठरवतं गं? मला निबंध लिहायचाय."

बारावीपासून मी त्या बाजारात बसते. ती एक दिवस बसली न्हाई, आन् त्याच बाजारावर डिग्री तिला? त्या खिडकीकडं बघून अजूनच पोटात दुखलं. म्हणलं, "ग्रामपंचायत ठरवते. चिठ्ठ्या टाकून."

साफ खोटं. तिनं बिलकुल शंका घेतली न्हाई. "निबंधात तुझं नाव टाकते," म्हणाली.

मंग मला चैन पडेना. माझ्या नावावर खोटं? परत फोन लावला. खरं सांगितलं. जागा बाया आपसात ठरवतात. एखादी बाळंत झाली, तर ती परत येईस्तोवर तिच्या जागेवर कोणी बसत न्हाई.

"मंग आधी खोटं का सांगितलंस?"

"जळले तुझ्यावर."

ती हळूच म्हणाली, "अजून सांग ना, ताई."

तासभर मी सांगत होते, ती लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं."

बरं वाटायला पाहिजे होतं. उलट जास्तच जळाले. एवढं मला येतं, मंग मी तिथं का न्हाई?