आमच्या दारावरचे दोन लांडगे

ती. एउसेबियाताईस,

धाकट्या आन्सेल्मोचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? पांप्लोनातल्या त्या ओल्या जिन्याने त्यांची वाट लागली असणार. इकडे गाय व्याली. मी सोडून सगळे खुशाल आहेत.

माझ्या पोरीला, गार्बिन्येला, बित्तोरीच्या मुलाशी, पाचिकूशीच लग्न करायचंय. बित्तोरी म्हणजे ती डुकरंवाली (जिच्या घरच्या सफरचंदांवर तू लहानपणी डल्ला मारायचीस). पोरगा उंच आहे, कामसू आहे, आणि तेवढ्यावर जावई होता येतं असं आजकालच्या पोरींना वाटतं. मी बोलणीतच सुनावलं, आमच्या दारावर ओकच्या झाडाखाली दोन लांडगे कोरलेत, राजाने दिलेलं मानचिन्ह, आमचं घराणं सरदारांचं, तुमचं डुकरांचं. तर बाई नाक मुरडून म्हणते, "आन्सेल्मोभाऊ, लांडगे आमच्याही दारावर आहेत की." आहेतच. गावात सतरा घरांवर आहेत. पण ते सगळ्यांनी आपलं दार बघून कोरले, असंच बाबा सांगायचे ना?

म्हणून आपल्या घराण्याच्या मूळ सरदाराचं नाव शोधून काढायला मी खोऱ्याच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून (शर्टावर राजम्याच्या रश्श्याचा डाग, आणि हा जुनी दप्तरं सांभाळतो) विचारतो, "कुठला सरदार?" मी म्हटलं, घोड्यावरचा, मिशावाला. (मिशा मीच ठरवल्या होत्या.) मेल्याने हसायला शिपायालाही बोलावलं. मग चामड्याचा कागद उलगडला. राजाने ते लांडगे एका कुणाला दिलेच नव्हते, अख्ख्या खोऱ्याला दिले होते. गिरणीवाला, गुराखी, पाद्र्याची स्वयंपाकीण, जो इथल्या रक्ताचा तो सरदार. म्हणजे बित्तोरीसुद्धा.

एवढ्यावर थांबेल तर कारकून कसला? न सांगितलेलं काम ही माणसं फार मन लावून करतात. त्याने आपल्या घराचं पान काढलं. आपले आजोबा खिंडीपलीकडून आलेले कोळसेवाले. घर त्यांनी विकत घेतलं, लांडगे दारावर आधीपासून होते. आपल्याला त्यांच्याखालून ये-जा करायची मुभा आहे, इतकंच. इथल्या मूळ घराण्यात सोयरीक झाली, तर होणाऱ्या मुलांना हक्क मिळतो. (तुला हे ठाऊक होतं का? असणारच, म्हणून तर शहरात पळालीस.)

तुझा,
आन्सेल्मो

ता. क. लग्नाला माझी हरकत नाही. माणसाने मन मोठं ठेवावं.

ता. क. हरकत आता बित्तोरीची आहे. कारकून तिचा मावसभाऊ निघाला. बाहेरच्यांच्या घरी मुलगा द्यायचा तर विचार करावा लागेल, म्हणते. गार्बिन्ये तीन दिवस गोठ्यात बसून रडतेय, माझ्याशी बोलत नाही. रविवारी ये आणि बित्तोरीला समजाव, तुझं ती ऐकेल. सफरचंदांचा विषय काढू नकोस. लांडगे खाली उतरवायचे असतील तर मी स्वतः शिडी लावतो, एवढं तिला सांग.